बिनसहीचं पत्र आणि सहा टोपल्या

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत एक पत्र आलं. पांढरं पाकीट, आत टाइप केलेला एक कागद, खाली सही नाही. शाळेमागच्या टेकडीवर मुलं चकत्या फेकतात, त्यामुळे फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या जिवाला धोका आहे, हे ताबडतोब बंद व्हावं, असा मजकूर होता. त्या पत्रामुळे शाळेतला एक क्लब बंद पडला, एका म्हाताऱ्या माणसाचं टेकडीवर येणं सुटलं, आणि माझ्या मुलीने त्या माणसाला खोटं ठरवलं.

पत्र मी लिहिलं होतं.

मी त्याच शाळेत खेळाचा शिक्षक आहे. कोथरूडमधली मराठी माध्यमाची शाळा, मागच्या फाटकातून बाहेर पडलं की थेट टेकडीचा पायथा. बावीस वर्षं मी तिथे खो-खो शिकवतोय. स्वभावाने अबोल आहे. मैदानावर ओरडतो, पण ते बोलणं नव्हे. घरी बायको म्हणते, तुमच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे विहिरीतून घागर काढण्यासारखं आहे. तर ही घागर आता वर येतेय. पाणी गढूळ आहे, त्याला इलाज नाही.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती, माझ्याच शाळेत. शिक्षकांच्या मुलांचा एक नियम असतो, तो आम्हीही पाळत होतो. फाटकाच्या आत मी 'सर' आणि ती मला 'तुम्ही' म्हणणार. फाटकाबाहेर स्कूटरवर बसली की 'बाबा, तू'. ती अंगाने लहानखुरी, पण पाय असे की समोरच्या गड्याला ती वळली हे कळेपर्यंत ती त्याच्या पाठीशी असायची. खांबावर सूर मारून तिने गडी बाद केला की मी तोंड फिरवून घ्यायचो, कारण सरांनी स्वतःच्या मुलीकडे बघून हसलेलं चालत नाही. दहावीत ती कर्णधार होणार, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

त्या वर्षी जूनमध्ये भूगोलाच्या नवीन बाई आल्या. यवतमाळकडच्या. आधी बंगळूरला संगणकाच्या कंपनीत काही वर्षं काढून, मग ते सोडून बी. एड. करून शिक्षिका झालेल्या. वय तिशीच्या आसपास. पहिल्याच आठवड्यात शिक्षकखोलीत त्यांनी मला विचारलं, "सर, मागची टेकडी अशीच पडून राहते का? काही करून नाही राहिले का तिच्यावर?"

मी म्हटलं, "टेकडी आहे. ती काय करणार?"

शिक्षकखोली हसली. बाईही हसल्या. मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. बंगळूरला त्या डिस्क गोल्फ नावाचा खेळ शिकल्या होत्या. जेवणाच्या ताटलीएवढी प्लास्टिकची चकती एका ठरावीक जागेवरून फेकायची. ती पडेल तिथे चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची. असं करत दूरवर खांबाला लावलेल्या टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात, चकती त्यांना अडते आणि खाली टोपलीत पडते. ज्याला सगळ्यात कमी फेकी लागतील तो जिंकला. या खेळाला पंच नसतो. आपला पाय रेषेबाहेर गेला तर आपणच सांगायचं, एकमेकांच्या फेकी कागदावर लिहायच्या आणि शेवटी सगळ्यांनी खाली सही करायची.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं, "सर, क्रीडाविभाग तुमचा. परवानगी द्यायची का?"

मी म्हटलं, "देऊ या की. चार दिवसांचं खूळ आहे. आणि पंच नाही म्हणजे पहिल्याच दिवशी चोऱ्या होणार, दुसऱ्या दिवशी भांडणं. आपोआप बंद पडेल."

तसं मला खरंच वाटत होतं. माझ्या मुलांना मी वर्षानुवर्षं एकच शिकवलंय, शिट्टी वाजेपर्यंत काहीही झालेलं नसतं. पाय घसरला, रेघ ओलांडली, पंचाने पाहिलं नाही? पुढे पळा. हात वर करून कबुली देणाऱ्या पोराला मी सामना संपल्यावर मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या आहेत.

शनिवारची शाळा सुटल्यावर मागच्या उतारावर क्लब सुरू झाला. पहिल्या दिवशी सात मुलं. तिसऱ्या शनिवारी एकोणीस, त्यांत माझी खो-खोतली चार. चौथ्या शनिवारी माझ्या मैदानावर एक बाजू मांडायलाही गडी पुरेनात. मी शिट्टी वाजवली, बसायला सांगितलं, मोजलं. आठ. नववा गडी, म्हणजे माझी मुलगी, चौकाच्या कडेला उभी होती. बुटाच्या नाड्या बांधत होती, फार वेळ.

"सर," ती म्हणाली, "मी आज तिकडे जाऊ?"

आठ पोरं बघत होती. मी म्हटलं, "जा. फाटक उघडंच आहे."

ती गेली. मी त्या आठ जणांना तासभर इतकं पळवलं की पुढच्या शनिवारी पाच आले.

संध्याकाळी स्कूटरवर मी तिला विचारलं, खो-खो आवडत नाही का आता? तिने मागे दप्तर सावरलं. मग हेल्मेटच्या आतून आवाज आला, "आवडतं ना बाबा. पण तिकडे कोणी ओरडत नाही."

मत्सर हा शब्द मी निबंधात वाचला होता. आपल्याला झाला की तो कसा असतो, ते त्या पावसाळ्यात कळलं. तो मोठमोठ्या गोष्टींवर जगत नाही. बारीकसारीक उष्टं वेचत फिरतो. बाईंचा हात अगदी सामान्य होता, ते मला मैदानावरूनही दिसायचं. त्यांची चकती दहातून चारदा झुडपात जायची. मला वाटायचं, आता तरी मुलांना कळेल. पण चकती झुडपात गेली की बाई स्वतःच ओरडायच्या, "गेली नं भाऊ!" आणि एकोणीस पोरं पोट धरून हसायची. माझा नेम चुकला असता तर कोणाची हसायची छाती झाली नसती, आणि हे मी बावीस वर्षं माझं यश समजत आलो होतो.

टोपल्या विकत आणायच्या तर परवडणार नव्हत्या. मग बाई चार मुलांना घेऊन बसने कसबा पेठेत गेल्या, बुरूड आळीतून सहा बांबूच्या टोपल्या आणल्या. साखळ्या हार्डवेअरच्या दुकानातून, कुत्र्यांच्या. जुन्या टायरमध्ये सिमेंट भरून त्यात लोखंडी पाइप उभे केले. त्या चारांत माझी मुलगी होती. रात्रीच्या जेवणाला ती सांगत होती, बुरूड काकांनी विचारलं, एवढ्या टोपल्या कशाला, लग्न आहे का घरात? बाई म्हणाल्या, हो, सहा नवऱ्या आहेत. हे सांगताना तिला ठसका लागला. तिची आईही हसली. मी ताक वाढून घेतलं. हिला मी कधी बसने कसब्यात नेलं होतं? जन्मल्यापासून एकदाही नाही. आणि आता कसबा त्या बाईंचा झाला होता.

पुढे ती घरात बोलायलाही लागली बाईंसारखी. "आई, काय करून राहिलीस?" "बाबा, तू तर ऐकूनच नाही राहिला." तिची आई म्हणाली, गोड वाटतं नाही? मला त्या प्रत्येक 'राहिला'ला घरात कोणीतरी चप्पल न काढता शिरल्यासारखं वाटायचं.

एका रविवारी शाळेत कोणी नसताना मी क्रीडासाहित्याची खोली उघडली, एक चकती घेतली आणि मैदानात उभा राहिलो. मनात म्हटलं, बावीस वर्षांचा खेळाडू, त्यात काय एवढं. पूर्ण जोर लावून फेकली. ती सरळ गेली, मग जणू मला ओळखून डावीकडे वळली आणि भिंतीपलीकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडली. वॉचमन म्हणाला, "सर, तुम्हीपण?" चकती मी परत जागेवर ठेवली. नीट पुसून.

आता टेकडीवरचे आजोबा. बँकेतून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीपुढचे. डोक्यावर कापडी टोपी, हातात काठी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या. आमच्या टेकडीवर रोज फिरणारे बरेच जण असं एखादं रोप दत्तक घेतात आणि घरून पाणी नेऊन घालतात. आजोबांची सहा होती, कडुलिंब आणि करंज. शिवाय ते वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचे: टेकडीवरचा कचरा, तुटलेलं कुंपण, पाटीवरच्या चुका. सगळे त्यांना 'पत्रवाले आजोबा' म्हणायचे. मुलांशी त्यांचं चांगलं जमलं होतं. वारा कुठून आहे ते ते काठी वर करून सांगायचे आणि बदल्यात मुलं त्यांच्या बाटल्या वर वाहायची.

ऑक्टोबरात एका शनिवारी मुलगी घरी आली ती डोळे चमकवत. जेवताना म्हणाली, "बाबा, एक सांगू? पण शाळेत सांगायचं नाही हं."

"बरं."

"माझी डिस्क वळणावर गेली आणि आजोबांच्या टोपीला घासून गेली! टोपीच पडली. मी इतकी घाबरले. तर ते म्हणतात, 'नेम चुकला, की मी चुकीच्या जागी म्हातारा झालो?' आणि काठीने डिस्क उचलून दिली परत. आम्ही ठरवलंय, कोणालाच सांगायचं नाही. बाईंना कळलं तर त्या घाबरतील. आता मी त्या वळणाच्या आधी थांबून बघते कोणी येतंय का. फक्त मी आणि आजोबा, आणि आता तू."

"आणि आता तू" हे ती फार प्रेमाने म्हणाली. खूप दिवसांनी तिने माझ्याकडे काहीतरी ठेवायला दिलं होतं.

दोन आठवड्यांनी मी पहिल्यांदाच त्यांचा खेळ बघायला उतारावर गेलो. लांब, करंजाखाली उभा होतो, तिने मला पाहिलं नव्हतं. ती टोपलीपासून पाच-सहा पावलांवर होती. फेक सुंदर गेली, साखळ्या खळकन वाजल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि ती म्हणाली, "थांबा. माझा पाय पुढे होता. एक वाढवा."

कोणीही पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि माझे डोळे तिच्या पायांवरच असतात. कागद हातात असलेल्या बाईंनी मान हलवली, एक आकडा खोडून दुसरा लिहिला. शाबासकी नाही, काही नाही, जणू हे रोजचंच आहे. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, 'अगं शिट्टी वाजली का?' ते तसंच मिटलं. मी घडवलेलं काहीतरी त्या बाईंनी चार महिन्यांत, आवाज न चढवता, उलटं फिरवलं होतं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. त्या संध्याकाळी मी घरच्या कॉम्प्युटरवर पत्र लिहायला बसलो.

धोक्याचं उदाहरण हवं होतं. ते माझ्याकडे होतं. 'गेल्याच महिन्यात वळणावर एक चकती प्रस्तुत लेखकाच्या टोपीस घासून गेली.' मी असं लिहिलं. प्रस्तुत लेखक!

कोथरूडात छापलं तर कोणी ओळखेल म्हणून स्कूटर काढून शनिवार पेठेत गेलो. झेरॉक्सवाला पन्नाशीचा, चष्मा नाकावर. पेन ड्राइव्ह लावून त्याने पत्र पूर्ण वाचलं, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "टोपी कुठाय?"

"घरी."

"खाली नाव नाही टाकलंत."

"नको."

"मग 'एक ज्येष्ठ नागरिक' तरी टाका. नुसती रिकामी जागा दिसली की माणूस चोर वाटतो."

मी म्हटलं, टाका. वर माझं मीच जोडलं, 'रोज टेकडीवर येणारा'. पुढे कित्येक महिने मी स्वतःला सांगत राहिलो की आजोबांवर आळ यावा असं माझ्या मनात नव्हतं. आज खरं लिहितो. ते शब्द जोडताना माझ्या डोळ्यांसमोर त्यांचीच काठी होती.

पत्र पोहोचलं. मुख्याध्यापिकाबाईंनी क्लबच्या मुलांना बोलावून ते वाचून दाखवलं, मलाही बाजूला बसवलं होतं. 'टोपीस घासून गेली' हे शब्द आले आणि माझ्या मुलीने मान वर केली. ती आता माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. ती खिडकीबाहेर टेकडीकडे बघत होती.

ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती आणि तिसऱ्या मला. तिच्या डोक्यात माझं नाव आलंच नाही.

मागचं फाटक बंद झालं. सहा टोपल्या टायरसकट क्रीडासाहित्याच्या खोलीत आल्या, आणि खोलीची किल्ली माझ्याकडे. डिसेंबरात शहरातल्या चार-पाच शाळांच्या संघांचा मिळून पहिला सामना होणार होता, आमच्या मुलांनी पिवळे टी-शर्ट ठरवले होते. सरावच नाही म्हणून नाव मागे घेतलं. बाई माझ्याकडे आल्या. "सर, तुमचं मोठ्या बाई ऐकतात. तुम्ही बोलून बघा नं एकदा."

"बघतो," मी म्हटलं. त्या "थँक्यू सर" म्हणाल्या. त्यांना माझा संशय नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.

खो-खोला मुलं परत आली का? तीन. माझी मुलगी आली नाही.

पुढच्या रविवारी मी तिला टेकडीवर घेऊन गेलो, जरा मोकळं वाटेल म्हणून. वळणावर आजोबा भेटले, रोपाला पाणी घालत होते. "काय कॅप्टन," ते तिला नेहमीच्या हाकेने म्हणाले, "चकत्या कुठे गेल्या?"

ती म्हणाली, "आजोबा, आपलं ठरलं होतं ना?"

"काय ठरलं होतं?"

"राग आला होता तर तोंडावर बोलायचं होतंत. पत्र कशाला?"

"कुठलं पत्र?"

"असू दे," ती म्हणाली आणि झपाझप वर निघून गेली. मागे वळून बघितलं नाही.

आजोबा बाटली हातात धरून उभे. माझ्याकडे वळले. "काय झालं हो सर? मी काय केलं?"

तिथे शिट्टी वाजायची तर ती मीच वाजवायला हवी होती. मी म्हटलं, "मुलं आहेत. असतो राग. मनावर घेऊ नका."

त्यांनी मनावर घेतलं. महिन्याभरात त्यांचं येणं कमी झालं, संक्रांतीनंतर थांबलंच. कोणी म्हणालं गुडघा दुखतो, कोणी म्हणालं मुलं तोंड फिरवतात म्हणून. दोन्ही खरं असेल. फेब्रुवारीच्या मध्यावर मी वळणावरून गेलो तर एक कडुलिंब काडी झाला होता, बाकीच्या पाचांची पानं खाली वळली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेआधी तीन बाटल्या नेऊ लागलो. घरी सांगितलं, चालायला जातो. प्रायश्चित्त वगैरे मोठा शब्द नको. ती रोपं माझ्याकडे बघत होती, एवढंच.

मार्चमधल्या एका सकाळी मुलगी मागून आली. परीक्षा जवळ आली होती, लवकर उठून अभ्यास करायची, मला पिशवी घेऊन निघताना तिने पाहिलं असणार. मी करंजाच्या आळ्यात पाणी ओतत होतो.

"बाबा? तू कधीपासून हे करतोयस?"

"झाले काही दिवस."

ती माझ्या शेजारी उकिडवी बसली, दुसरी बाटली उघडली. पाणी ओतत म्हणाली, "तू किती चांगला आहेस रे. त्यांनी आपल्याशी असं केलं, तरी तू त्यांच्या झाडांना..."

मी म्हटलं, "थांब."

तिचा हात थांबला.

"त्यांनी नाही केलं. पत्र मी लिहिलं."

बाटलीतून पाणी तिच्या बुटावर पडत होतं, ते तिला कळत नव्हतं. मी सगळं सांगितलं. शनिवार पेठ, टोपी, 'रोज टेकडीवर येणारा'. कारणही सांगितलं, की तू माझ्याकडे नाही, बाईंच्या क्लबात हसत होतीस. ऐकताना मलाच ते इतकं किरकोळ वाटलं.

"मी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली. "फक्त तुला."

"हो."

ती रडली नाही. बाटलीचं झाकण लावलं, उठली. "आजोबांना सांगितलंस?"

"नाही."

"चल."

"आत्ता? साडेसहा वाजलेत."

"ते पाचला उठतात. तुला माहीत नाही, मला माहीत आहे."

आजोबा टेकडीखालच्याच एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहत. दार त्यांनीच उघडलं. मी दारातच बोलायला लागलो, बसल्यावर बोलता आलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही.

मग म्हणाले, "पत्र मी लिहिलं असतं तर खाली सही केली असती. पत्त्यासकट. एवढी पत्रं लिहिली आयुष्यात, एक बिनसहीचं दाखवा." आणि माझ्याकडे न बघता मुलीकडे बघून, "तुझं मात्र मला लागलं हो. मी वाट बघत होतो, ही पोरगी येईल, विचारेल. तू विचारलं नाहीस. ठरवून टाकलंस."

आता ती रडली. त्यांनी तिला रडू दिलं. मला म्हणाले, "सर, तुम्हाला मी काय बोलणार? झाडं किती राहिली?"

"पाच."

"पाणी चालू ठेवा. मला जिना उतरता येईपर्यंत."

त्याच दिवशी मी मुख्याध्यापिकाबाईंना पत्र दिलं. हाताने लिहिलेलं, खाली सही. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला. "बावीस वर्षं," एवढंच म्हणाल्या. मग, "हे मी फाइलला लावते. दोन्ही शेजारी शेजारी राहतील. पुढचं काय ते संस्था ठरवेल." संस्थेने लेखी ताकीद दिली आणि क्रीडाविभागप्रमुखपद काढून घेतलं. खो-खो राहिलं. शिक्षकखोलीत काही दिवस मी आत आलो की बोलणं बंद व्हायचं; मी मूळचा अबोल, मला बरंच वाटलं.

भूगोलाच्या बाईंची माफी मागायला मी त्यांच्या वर्गाबाहेर उभा राहिलो. त्या दारात आल्या, ऐकून घेतलं. "मुलं त्या टी-शर्टसाठी रडली होती सर," म्हणाल्या. आणि आत गेल्या. बास. मला वाटलं होतं त्या चिडतील, किंवा मोठ्या मनाने क्षमा करतील, आणि दोन्हींतून मला त्यांच्यावर जळायला काहीतरी मिळेल. काही मिळालं नाही.

जूनमध्ये क्लब पुन्हा सुरू झाला. अट एकच, वळणावर एक मोठा माणूस उभा हवा, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खेळ थांबवायला. पहिल्या शनिवारी बाई माझ्याकडे आल्या. आवाज कोरडा होता. "वळणावर उभं राहायला कोणीतरी लागते. तुमच्याकडे शिट्टी आहे."

म्हणून शनिवारी क्लब आता खो-खोनंतर भरतो आणि मी वळणावर उभा असतो. माझं तोंड पायवाटेकडे, पाठ खेळाकडे. कोणी चढून येताना दिसलं की शिट्टी, मागे फेकणं थांबतं. माणूस गेला की पुन्हा शिट्टी. खेळ मला दिसत नाही, ऐकू येतो. साखळ्या वाजतात, कोणीतरी ओरडतं, बाई काहीतरी बोलतात आणि सगळी हसतात. त्या हसण्यात माझ्या मुलीचं कुठलं, ते मी ओळखायचा प्रयत्न करतो. ते जुनं जळणं आजही आहे. ते गेलं असं लिहिलं तर हे सगळं लिहिणंच खोटं होईल.

ती आता दहावीत आहे, क्लबची कर्णधार. स्कूटरवर मागे बसते, कामापुरतं बोलते. फाटकाबाहेरही मला 'बाबा' म्हणाली नाही, मार्चपासून. 'सर'ही नाही. मला हाक न मारता बोलायची युक्ती तिने शोधून काढलीय, आणि मी तिला त्यावरून काही विचारलेलं नाही. विचारायचा हक्क कुठला?

गेल्या शनिवारी वळणाखालून काठीचा आवाज आला. टोपी दिसली, मग आजोबा, एकेक पाऊल टाकत. पिशवीत एकच बाटली. मी शिट्टी वाजवली. मागचं सगळं शांत झालं.

ते माझ्याजवळ येऊन टेकले. धाप लागली होती. "करंज बरा धरलाय," पलीकडे बघत म्हणाले. तेवढ्यात मागून साखळ्या खळकन वाजल्या. शिट्टीनंतर कोणीतरी फेकलं होतं.

आणि तिचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "माझी होती! हातातून सुटली. शिट्टीनंतर. एक वाढवा."

"कोणाची?" आजोबांनी विचारलं. त्यांना बरोबर कळलं होतं.

"कॅप्टनची."

"मग वळून बघा की. मुलगी आहे तुमची."

"आधी तुम्ही पलीकडे जा," मी म्हटलं. "तोवर मला वळता येत नाही."

ते हसले. काठी उचलली आणि हळूहळू निघाले. ते पूर्ण पलीकडे जाईपर्यंत मी शिट्टी ओठांत धरून पायवाटेकडे बघत राहिलो.